बेर्तुखचें बालचित्रपुस्तक व संग्राहकांची दृष्टि

जर्मनींतील वायमार येथील फ्रीड्रिख युस्टिन बेर्तुख याचें ‘बिल्डरबुख फ्यूर किंडर’ हें बालबोधपर चित्रपुस्तक इ. स. १७९० पासून १८३० पर्यंत भागशः निघून १२ खंडांत पूर्ण झालें. प्राणी, वनस्पति इत्यादिकांचीं चित्रें ताम्रपटावरून छापीत व नंतर हातानें जलरंग भरीत. या हातकामामुळें दोन प्रतींच्या रंगछटा तंतोतंत जुळत नाहींत; म्हणून मुद्रित असूनही प्रत्येक प्रत पोथीप्रमाणें पडताळावी लागते. आपण संग्राहक अभंग प्रतीसच श्रेष्ठ मानतों. परंतु मुलानें हें पुस्तक खेळण्यासारखें वापरावें, चित्रें कापून पुठ्ठ्यावर चिकटवावीं, असें खुद्द बेर्तुखचें मत होतें. तेव्हां बालहस्तें कात्री लागलेली प्रत त्रुटित म्हणून टाकूं नये, असें आम्हांस वाटतें. ग्रंथकर्त्याचा हेतु सफल झाल्याची तीच साक्ष होय.