जोडणी तुटली तरी चालणारी कामं

नंदुरबारला बसून मी पुण्यातल्या सर्व्हरवर रात्रीची मोठी कामं लावते. धडगावच्या डोंगरांकडून वादळ आलं की जोडणी जाते, काम मात्र पहाटेपर्यंत पुरं झालेलं असतं. ज्यांनी ही सोय घडवली त्यांची मी ऋणी आहे. आमच्याकडे नेटवर्क नसताना काम कसं चालवायचं हा रोजचा प्रश्न.

१९७०च्या दशकात युनिक्सची अनेक टर्मिनलं टेलिफोनच्या तारेवर असत. तार तुटली की कर्नल, म्हणजे युनिक्सचा गाभा, त्या टर्मिनलवरच्या प्रोसेसना १ क्रमांकाचा सिग्नल, सिगहप, पाठवी आणि त्या संपत. रास्तच होतं: महागड्या यंत्रावर गेलेल्या माणसाची कामं का रेंगाळावीत? पण रात्रभर आकडेमोड करणाऱ्याचं काय? त्यासाठी बेल लॅब्जमध्ये ‘नोहप’ ही आज्ञा आली. सिगहपकडे दुर्लक्ष होईल अशी व्यवस्था करून ती मूळ प्रोग्राम सुरू करते. पडद्यावर जाणारा मजकूर ‘नोहप.आउट’ फाइलीत साठतो. शेवटी अँपरसँड (&) लावायचा मात्र आपणच, काम मागे ढकलणं नोहपचं काम नव्हे.

१९८७मध्ये बर्लिनच्या तंत्र विद्यापीठात ओलिव्हर लाउमान आणि कार्स्टेन बोरमान यांनी ‘स्क्रीन’ लिहिलं. आता अख्खं सत्र मागे ठेवून जाता येऊ लागलं, परत येऊन पुन्हा हाती घेता येऊ लागलं. २००७मध्ये त्याच प्रकारचं टीमक्स आलं.

२०१६मध्ये लिनक्सवरच्या सेवा सांभाळणाऱ्या सिस्टमडीच्या २३०व्या आवृत्तीनं लॉगआउट होताच वापरकर्त्याच्या उरलेल्या प्रोसेस, नोहपवाल्यासुद्धा, संपवणं हेच मूळ सेटिंग केलं. डेबियन या लिनक्स वितरणानं ते उलटवलं, आणि माझ्या मते योग्य केलं.