स्पीकरची कड

शाळेच्या स्नेहसंमेलनात वापरायचा आमचा जुना स्टिरिओ संच घरघरू लागला. पुढची जाळी काढून पाहिले, तर कागदी शंकू शाबूत होता; विरली होती ती त्याच्या भोवतीची फोमची कड. बोट लावताच तिचा चिकट भुगा हाताला लागला. दुकानदार म्हणाला, "सर, दोन्ही स्पीकर टाकून द्या, नवे बसवा." टाकण्यापूर्वी आम्ही विद्यार्थ्यांना विचारले : शंकू टिकाऊ, चुंबक टिकाऊ, मग कडच इतकी नाजूक का? उत्तर शोधताना स्पीकरचा इतिहासच हाती लागला.

चुंबकाच्या अरुंद फटीत तारेचे वेटोळे ठेवून त्यातून प्रवाह सोडला की वेटोळे पुढे-मागे सरकते. ही रचना जर्मनीच्या सीमेन्स यांनी 1874 मध्येच मांडली होती. इंग्लंडच्या ऑलिव्हर लॉज यांनी 1898 मध्ये तिचा ध्वनीसाठी उपयोग करून पेटंट मिळवले. पण टेलिफोनच्या तारेतून येणारा क्षीण प्रवाह मोठा करण्याचे साधन तेव्हा नव्हते. ली डी फॉरेस्ट यांची तीन अग्रांची निर्वात नळी 1906 ची. तिचा विवर्धक म्हणून उपयोग त्यानंतर काही वर्षांनी सुरू झाला. 1915 मध्ये कॅलिफोर्नियात जेन्सन आणि प्रिडहॅम यांनी फिरत्या वेटोळ्याला कर्णा जोडून मोठ्या जमावाला आवाज ऐकवला. आवाज मोठा झाला, पण खर्जाचे सूर हरवले. ते नीट बाहेर पडायला कर्णा कित्येक फूट लांब हवा.

हा पेच 1925 मध्ये अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिकच्या राइस आणि केलॉग यांनी सोडवला. तबल्याची पुडी ताणून बसवलेली असते, म्हणून ती ठरावीक सुरात बोलते. स्पीकरला मात्र स्वतःचा सूर असून चालत नाही. असला तर तोच सूर इतरांवर कुरघोडी करतो. म्हणून त्यांनी शंकूची कड इतकी सैल ठेवली, की त्याची स्वाभाविक कंप्रता संगीतातल्या सुरांच्याही खाली गेली. त्या कंप्रतेच्या वर सारख्या बलाने शंकूला सारखेच त्वरण मिळते, आणि लहान शंकूपासून निघणारा ध्वनिदाब या त्वरणावरच अवलंबून असतो. म्हणून खालचे-वरचे सूर सारख्याच जोमाने उमटतात. शंकूच्या पुढच्या व मागच्या लहरी एकमेकींना मारू नयेत म्हणून तो फळीत बसवला. आजचा घरगुती स्पीकर मूलतः हाच.

पुढे 1954 मध्ये एडगर व्हिलचर यांनी बंद पेटीतल्या हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग केला. त्यामुळे शंकूचा आधार आणखी सैल ठेवता आला आणि लहान पेटीतूनही खर्ज ऐकू येऊ लागला. अशा मऊ, हलक्या कडेसाठी पुढे पॉलियुरेथेनचा फोम सर्रास वापरात आला. पण हवेतील बाष्प, ऑक्सिजन आणि प्रकाश यांनी त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटतात. त्यामुळे संच न वापरता नुसता ठेवला, तरी दहा-वीस वर्षांत कड विरते. कडेचा मऊपणा हवा, म्हणून तिचे अल्पायुष्य पत्करावे लागले.

मग पूर्ण स्पीकर का टाकायचा? आम्ही त्याच मापाच्या फोमच्या नव्या कडा आणल्या, जुना गोंद खरवडला आणि वेटोळे फटीच्या भिंतींना घासत नाही ना, हे शंकू बोटांनी सारखा दाबून पाहत कडा चिकटवल्या.

वेटोळेच जळले असेल तर मात्र स्पीकर बदलावा लागतो. तेव्हा ओहमचा आकडा जुळवावा. 8 ओहमचा स्पीकर मल्टिमीटरवर साधारण 6 दाखवतो, कारण मीटर फक्त एकदिश प्रवाहाचा रोध मोजतो. फारच कमी ओहमचा स्पीकर जोडल्यास विवर्धकावर जादा प्रवाहाचा भार पडतो.

शेवटचा प्रयोग वर्गात अवश्य करावा. संचापासून सोडवलेल्या स्पीकरच्या टोकांना 1.5 व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. सेलचे धन टोक ज्या टोकाला लावल्यावर शंकू बाहेर येतो, ते स्पीकरचे धन टोक. दोन स्पीकर उलटसुलट जोडले गेले, तर एक हवा ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो आणि खर्ज नाहीसा होतो. आमच्या मुलांनी मुद्दाम उलट जोडून ते ऐकले.

आता संच पुन्हा नीट वाजतो. ही कडही कधीतरी विरणारच. म्हणून मुलांनी पेटीच्या आतल्या बाजूस ती बदलल्याची तारीख आणि कडेचे माप लिहून ठेवले आहे.