चामड्याच्या वाटीचं घराणं

शिरूरहून न्हावऱ्यामार्गे भीमा ओलांडून चौफुल्याकडे जाणारा रस्ता गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांचा असतो. न्हावऱ्याला घोडगंगा, पाटसला भीमा, आलेगावला दौंड शुगर, असा हा कारखान्यांचा टापू. हंगाम उतरला की त्याच रस्त्यावर मुरूम, खडी आणि माती. रांजणगाव आणि कुरकुंभच्या एमआयडीसींमुळे जेसीबी आणि डंपर तर बारमाही. या यंत्रांच्या जिवावर शिरूर-दौंडकडे एक धंदा उभा राहिला आहे, हायड्रोलिक आणि ब्रेकच्या दुरुस्तीचा. तिथे येणारं गिऱ्हाईक फार बोलत नाही. "पेडल तळाला जातंय." "जॅक बसतोय." "लिफ्ट धरत नाही." मिस्त्री ऐकून घेतो आणि बहुतेक वेळा भिंतीवरच्या खिळ्याकडे हात नेतो. तिथे प्लास्टिकच्या पिशव्या लटकत असतात. आत रबराच्या वाट्या, काळ्या कड्या, एखादं निळं नाहीतर हिरवं रिंगण. सील किट.

या पिशवीतल्या मंडळींची वंशावळ काढायची तर मूळपुरुष कोण धरायचा? पाठ्यपुस्तकं पास्कलचं नाव घेतात. बंदिस्त द्रवावर एका जागी दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हे त्याचं लेखन त्याच्या मृत्यूनंतर 1663 मध्ये छापून आलं. बारक्या दट्ट्यावर थोडा जोर लावा, मोठ्या दट्ट्यावर भरपूर मिळेल. कागदावर सगळं जुळलेलं होतं. तरीही कामाचं यंत्र व्हायला सव्वाशेहून जास्त वर्षं गेली. दट्ट्या आणि नळकांडं यांच्यात फट राहतेच. ती बुजवायला दट्ट्या घट्ट बसवला तर हलत नाही. हलावा म्हणून सैल ठेवला तर पाणी बाहेर येतं.

लंडनचा जोसेफ ब्रामा कुलूपवाला. फ्लशच्या संडासाचंही पेटंट त्याच्या नावावर आहे, म्हणजे पाणी कुठे अडवायचं आणि कुठे सोडायचं याचा त्याला जुना सराव. 1795 मध्ये त्याने हायड्रोलिक प्रेसचं पेटंट घेतलं, पण गळती पाठ सोडेना. तोडगा काढला त्याच्याच कारखान्यातल्या हेन्री मॉडस्ले या विशीतल्या कारागिराने. त्याने चामड्याचं कडं असं दुमडलं की त्याची पोकळ बाजू दाबाकडे तोंड करून बसली. पाण्याचा दाब आला की चामड्याचा ओठ छत्रीसारखा उघडतो आणि भिंतीला चिकटतो. दाब उतरला की ओठ सैलावतो आणि दट्ट्या सहज मागे येतो. जो दाब पाण्याला बाहेर ढकलू पाहतो, त्याच्याच हातून दार लावून घ्यायचं! माझ्या मते या घराण्याचा मूळपुरुष पास्कल नव्हे, मॉडस्ले. त्यानंतर सव्वादोनशे वर्षांत चामडं गेलं, रबर आलं, पाणी गेलं, तेल आलं. ओठाची ती युक्ती मात्र आजही किटच्या पिशवीत तशीच आहे.

आपल्या खेड्यांनी ही वाटी ओळखली ती हापशामुळे. 1972 च्या दुष्काळाच्या आगेमागे महाराष्ट्रात विंधनविहिरी मोठ्या संख्येने झाल्या. जुने ओतीव लोखंडाचे पंप घरगुती वापराच्या बेताने केलेले. अख्ख्या गावाने दिवसभर हापसल्यावर ते मोडू लागले. जालना आणि सोलापूर इथे मिशनच्या कामातून मजबूत पोलादी पंप तयार झाले. सोलापूरच्या पंपाच्या पायावर, युनिसेफच्या मदतीने, सत्तरच्या दशकात ‘इंडिया मार्क टू’ घडला आणि देशभर गेला. त्याच्या दट्ट्यावर कमावलेल्या चामड्याच्याच वाट्या होत्या. दांडा हलका लागायला लागला, हापसून हापसून पाणी येईना, की पाइप वर काढून त्या बदलायच्या. पुढच्या ‘मार्क थ्री’मध्ये चामड्याऐवजी नायट्राइल रबर आलं. चामड्याची एक खोड आहे. ओलं असेल तोवर ते मऊ राहतं आणि फुगून फट भरतं. सुकलं की आखडतं. विहिरीच्या तळाशी ते सुखाने नांदलं. मोटारीत त्याचे हाल झाले.

मोटारीत ही वाटी आणली मालकम लॉकहीडने. त्याच्या घराण्याचं आडनाव लोक भलतंच वाचत, म्हणून भावांनी स्पेलिंग बदललं. विमानांची लॉकहीड कंपनी त्याच घरातली. तोवर ब्रेक दांड्यांवर आणि तारांवर चालत. चारही चाकांच्या तारा सारख्या ताणून ठेवणं हे रोजचं झेंगट. एक चाक आधी धरलं की गाडी आडवी. नळीतला द्रव मात्र भेदभाव करत नाही, चारही चाकांना एकच दाब देतो. 1921 मध्ये ड्युझेनबर्ग कंपनीच्या महागड्या गाडीत चारही चाकांचे हायड्रोलिक ब्रेक विक्रीला आले. वाट्या कच्च्या चामड्याच्या होत्या आणि त्या झिरपत. 1924 मध्ये क्रायस्लरच्या इंजिनिअरांनी तिथे रबराच्या वाट्या बसवल्या आणि मग ही पद्धत सर्वसामान्य गाड्यांपर्यंत उतरली. फोर्डने मात्र 1939 पर्यंत दांडे-तारा सोडल्या नाहीत. आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी मुंबईत जोडलेली विलीज जीप आली, तिच्या चारही चाकांना हायड्रोलिक ब्रेक होते. पुढे फियाट, अॅम्बॅसडर, मॅटाडोर, आणि 1986 पासून पुण्यात बनलेली टाटा 407. पेडल दोन-तीनदा पंप मारून गाडी थांबवायची ड्रायव्हर मंडळींची हातखंडा कला याच वंशातली. झिजलेला ओठ एका दाबाला धरत नाही, लागोपाठच्या दाबांनी कसाबसा पकडतो. ही कला ज्याला येते, त्याच्या गाडीचं किट मागेच बदलायला हवं होतं.

रबराने एक नवी भानगड आणली. नैसर्गिक रबराला खनिज तेल चालत नाही, त्यात ते फुगून बुळबुळीत होतं. मग नळीत भरायचं काय? सुरुवातीची बरीच वर्षं उत्तर होतं एरंडेल. एरंडेल रबराला इजा करत नाही, दट्ट्याला वंगण देतं आणि इतर तेलांसारखं हटून न बसता अल्कोहोलमध्ये विरघळतं. म्हणून एरंडेल आणि अल्कोहोल यांचं मिश्रण ब्रेकच्या नळ्यांतून फिरलं. पोट साफ करायला आजीने चमच्याने पाजलेलं औषध मोटारी थांबवत होतं, ही गोष्ट मला या साऱ्या इतिहासात सगळ्यात जास्त आवडते. नंतर ग्लायकॉलचे द्रव आले. आपण त्यालाही ‘ब्रेक ऑइल’च म्हणतो, आणि गोंधळ तिथेच होतो. आडरस्त्यावर मास्टर सिलिंडरची टाकी रिकामी दिसली की कोणीतरी डबक्यातलं इंजिन ऑइल ओततो. थोड्या दिवसांत वाट्या फुगतात, परतीचं बारीक भोक झाकलं जातं, ब्रेक सुटेनासे होतात आणि ड्रम तापतात. मग मास्टर, व्हील सिलिंडर, होज, सगळंच उघडून धुवावं लागतं. द्रव वर्षानुवर्षं बदलायचाच नाही, ही उलटी चूकही तितकीच महाग पडते. ग्लायकॉल हवेतलं पाणी शोषतं. डॉट 3 जातीचा नवा द्रव किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर ही मर्यादा 140 अंशांपर्यंत येऊ शकते. लांब घाट उतरताना चाकाशी वाफ होते, वाफ दबते आणि नव्याकोऱ्या किटसकट पेडल तळाला जातं.

या घराण्याची एक शाखा दौंडला रेल्वेने पोचवली, तीही मोटारींच्या पुष्कळ आधी. दौंड-मनमाड मार्ग 1878 चा. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीला दौंडला इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावावं लागे; इंजिन न फिरवता गाडी सरळ नेणारी कॉर्ड लाइन अगदी अलीकडची. इंजिन फिरलं की होज पुन्हा जोडायचा आणि गाडीभर पुन्हा निर्वात तयार करायचा. आपल्या रेल्वेत अनेक दशकं व्हॅक्यूम ब्रेक होता. गाडीखालच्या सिलिंडरात दट्ट्याभोवती रबराचं गोल कडं असे आणि दट्ट्या वर-खाली झाला की ते घासण्याऐवजी भिंतीवरून लोळत जाई. रोलिंग रिंग. घासायचंच नाही, तर झिजणार किती? पण निर्वाताची ताकद बेताची. बाहेरच्या हवेचा दाबच मुळात चौरस सेंटीमीटरला एक किलो, त्यातला दोन-तृतीयांश हाती लागला तरी खूप. त्यामुळे सिलिंडर अवाढव्य आणि लांब मालगाड्यांना ब्रेक लागायला उशीर. पाच किलोच्या एअर ब्रेकने त्याची जागा घेतली.

जिला आज प्रत्येक गॅरेजात ‘ओ रिंग’ म्हणतात, तिचा धनी नील्स क्रिस्टेन्सन हाही ब्रेकवालाच. 1865 मध्ये डेन्मार्कात जन्मलेला, 1891 मध्ये अमेरिकेला गेलेला. त्याने ट्रामसाठी एअर ब्रेक केला आणि पेटंटवरून वेस्टिंगहाउसशी वर्षानुवर्षं कोर्टात भांडला. सत्तरीच्या उंबरठ्यावर तो घराच्या तळघरात हायड्रोलिक ब्रेकचे प्रयोग करत होता. तेव्हा त्याला दिसलं की रबराची साधी गोल कडी, तिच्या जाडीपेक्षा थोड्या रुंद खाचेत बसवली, तर वाटीचं सगळं काम करते आणि तेही दोन्ही दिशांनी. 1937 मध्ये अर्ज, 1939 मध्ये पेटंट. महायुद्धात विमानांच्या हायड्रोलिकला ती इतकी निकडीची ठरली की अमेरिकी सरकारने हक्क घेऊन ती सगळ्या कारखान्यांना खुली केली. त्याच्या हाती 75 हजार डॉलर पडले. जगात रोज किती कड्या बसतात ते पाहता ही रक्कम म्हणजे निव्वळ चहापाणी. तेलात टिकणारं नायट्राइल रबर त्याच दशकात जर्मनीत बाजारात आलं होतं. कडी आणि रबर एकत्र आली आणि खनिज तेलावर चालणारं हायड्रोलिक गावोगाव जायला मोकळं झालं.

ट्रॅक्टरमध्ये ते हॅरी फर्ग्युसनने आणलं. 1936 च्या त्याच्या ट्रॅक्टरला तीन टोकांची हायड्रोलिक लिफ्ट होती, आणि आज शेतात दिसणारा जवळजवळ प्रत्येक ट्रॅक्टर तीच मांडणी घेऊन फिरतो. जेसीबीचा किस्सा आणखी मजेदार. जोसेफ सिरिल बॅमफर्डने 1945 मध्ये इंग्लंडातल्या युटॉक्सेटर गावी एका भाड्याच्या गॅरेजात पहिली वस्तू बनवली, ती खोदयंत्र नव्हती. युद्धाच्या भंगारातून केलेली ती शेताची टिपिंग ट्रॉली होती, विकली 45 पौंडांना. 1948 मध्ये त्याने ट्रॉली उचलायला हायड्रोलिक लावलं, 1953 मध्ये मागे खोदणारा हात आला. आज तळेगावला जिचा कारखाना आहे ती कंपनी अशी मुळात ट्रॉलीवाल्याची. आणि आपण ज्याला ‘हायवा’ म्हणतो, ते त्या डंपरखालचा जॅक करणाऱ्या डच कंपनीचं नाव. वरची गाडी बहुधा दुसऱ्याच कोणाची असते.

जॅकचा हिशेब एकदा करून पाहण्यासारखा आहे. दहा सेंटीमीटर व्यासाच्या दट्ट्याचं क्षेत्रफळ साधारण 78 चौरस सेंटीमीटर. तेलाचा दाब चौरस सेंटीमीटरला 150 किलो धरला तर उचल होते पावणेबारा टनांची. हे सगळं वजन बोटभर रुंदीच्या ओठावर तोललेलं असतं. म्हणून जाणता मिस्त्री उचललेल्या ट्रॉलीखाली लाकडी ओंडका नाहीतर लोखंडी टेकू दिल्याशिवाय डोकं घालत नाही, आणि होज कुठे फुटला ते बोटाने चाचपत नाही. बारीक भोकातून निघालेलं तेल कातडीत शिरतं. बाहेर टिपक्याएवढी खूण दिसते, आत हात सडू शकतो.

चांगल्या मिस्त्रीची पारख नवं किट बसवताना होत नाही, जुनं काढताना होते. काढलेली वाटी तो फेकून देत नाही, उजेडात धरून पाहतो. फुगलेली असेल तर चुकीचं तेल पडलंय. दगडासारखी कडक आणि चिरलेली असेल तर तेल फार तापतंय, नाहीतर वयच झालंय. कडेला उभ्या रेघा असतील तर रॉडच्या क्रोमवर ओरखडा आहे. तो घासून, पॉलिश करून नाहीतर पुन्हा क्रोम चढवून घेतल्याशिवाय नवं किटही महिन्याभरात जाणार. एकाच बाजूने कुरतडली असेल तर रॉड वाकलाय किंवा गाइडची बूश गेलीय. नुसतं किट बसवून देणारा स्वस्त पडतो, पण गिऱ्हाईक तीच तक्रार घेऊन परत येतं.

एक गोष्ट मात्र या वंशावळीत खटकते. जॅक, लिफ्ट आणि जेसीबीचा हात ही उचलणारी शाखा शिरूर-दौंडच्या शेतकऱ्याने मनापासून घेतली. थांबवणारी शाखा ट्रॉलीपर्यंत आलीच नाही. ऊस वाहणाऱ्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. टनावारी ऊस ओढणारा ट्रॅक्टर फक्त आपल्या मागच्या चाकांच्या ब्रेकवर सगळा गाडा थांबवू पाहतो. उतारावर मागचा भार त्यालाच ढकलतो आणि कधी आडवा लोळवतो. ट्रॉलीला ब्रेक बसवायला नवा शोध लागत नाही. ट्रॅक्टरच्या हायड्रोलिकवर एक ट्रेलर-वॉल्व, मागे जाणारा एक होज, एक कपलर आणि अॅक्सलवर ब्रेकचा सिलिंडर. युरोपातल्या शेतांवर ही जोडणी नेहमीचीच. हे काम करू शकणारे हात चौफुल्यापासून शिरूरपर्यंत प्रत्येक मोठ्या गॅरेजात आहेत. वाढतो तो सुरुवातीचा खर्च आणि दर हंगामाआधी ब्रेक उघडून पाहण्याचा एक दिवस. खेपेवर पैसे मोजणाऱ्या वाहतुकीत हे दोन्ही ट्रॉलीमालकाच्या खिशातून जातात, आणि कारखान्याच्या काट्यावर वजन फक्त उसाचं होतं.