गेम एक नंबर, पण एका गोष्टीनं डोक्याला शॉट : भारी गेम्समध्ये अशा चुका राहतात तरी कशा?

जीटीए व्हाईस सिटीतलं हेलिकॉप्टरचं मिशन आठवतंय का?

गेम २००२ चा. पण सातारा, कराड, सांगली, मिरज, कुठंही जा. ज्यांनी सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून किंवा मित्राच्या कॉम्प्युटरवर नंबर लावून हा गेम खेळला, त्यांच्यासमोर नुसतं "ते रिमोटचं हेलिकॉप्टर" म्हणा. पुढचं ते स्वतःच सांगतील. बांधकाम सुरू असलेल्या इमारतीत खेळण्यातलं हेलिकॉप्टर न्यायचं, चार बॉम्ब ठेवायचे, वर घड्याळ सुरू. मिशनचं नाव 'डिमॉलिशन मॅन'. अनेकांचा व्हाईस सिटीचा प्रवास इथंच थांबला.

आता गंमत बघा. व्हाईस सिटी हा भंगार गेम होता असं कुणीच म्हणत नाही. गाणी, गाड्या, शहर, सगळं आजही लोकांच्या डोक्यात आहे. मग एवढ्या भारी गेममध्ये अशी माती कशी झाली? आणि हे एकाच गेमचं दुखणं आहे का?

तर नाही. जगातल्या मोठमोठ्या गेम्समध्ये हे झालंय. आपल्या पुण्यात बनलेला गेमही यातून सुटलेला नाही.

आधी एक फरक समजून घ्या : अवघड वेगळं, चुकीचं वेगळं

गेम अवघड असणं ही चूक नाही. हरल्यावर "आपण कुठं चुकलो" हे कळत असेल, तर तो गेम अवघड आहे. हरल्यावर "आता मी काय करायला पाहिजे होतं?" हेच कळत नसेल, किंवा कळूनही बटणं ऐकत नसतील, तर ती डिझाईनची चूक आहे.

व्हाईस सिटीचं मिशन दुसऱ्या प्रकारात मोडतं. तोपर्यंत गेमनं तुम्हाला गाडी चालवायला आणि बंदूक मारायला शिकवलेलं असतं. हेलिकॉप्टर उडवायला नाही. त्यात पीसीवर ते पुढं-मागं झुकवायची बटणं कीबोर्डच्या उजवीकडं, आकड्यांच्या भागात. बऱ्याच लॅपटॉपला तो भागच नसतो. सरावाची सोय नाही आणि मिशन फसलं की पुन्हा गाडीपर्यंत जाऊन पहिल्यापासून सुरू. २०२१ च्या डेफिनिटिव्ह एडिशनमध्ये फसलेलं मिशन लगेच पुन्हा सुरू करायची सोय आली. तोवर १९ वर्षं गेली होती.

सॅन आंद्रेआस (२००४) मधलं ट्रेनचं मिशनही असंच. मागं बसलेला बिग स्मोक ट्रेनवरच्या लोकांना गोळ्या घालणार, तुम्ही फक्त बाईक चालवायची. साहजिकच आपण ट्रेनला चिकटून चालवतो. खरं तर थोडं अंतर राखून, ट्रेनच्या बाजूनं चालवलं तर त्याचा नेम नीट बसतो. पण हे गेम सांगत नाही. हरल्यावर बोलणी मात्र आपण खायची.

चूक नंबर १ : सेव्हची सोय नाही, आणि तेवढ्यात लाईट गेली

व्हाईस सिटीत गेम सेव्ह करायचा तर सेफहाऊसवर जावं लागायचं. मिशनच्या मध्ये सेव्ह नाही. म्हणजे मिशन संपवून सेफहाऊसकडं निघालात आणि वाटेत मेलात, तर लोड केल्यावर ते मिशन पुन्हा.

ही चूक सगळीकडं सारखीच आहे, पण तिची किंमत सगळीकडं सारखी नाही. ज्या शहरात वीज जातच नाही, तिथं ही छोटी कटकट. पण पाटण, जावळी किंवा शिराळा तालुक्यात पावसाळ्यात तारेवर फांदी पडली की लाईट कधी येईल याचा नेम नाही. ज्या सातारा जिल्ह्यात १,९६० मेगावॅटचा कोयना जलविद्युत प्रकल्प आहे, तिथल्याच वाडी-वस्तीवरच्या पोराचा दोन तासांचा खेळ एका सेकंदात जातो. घरी यूपीएस नसेल तर विषयच संपला.

यावर उपाय अवघड नाही. गेमनं थोड्या थोड्या वेळानं स्वतःच सेव्ह करत राहायचं. डार्क सोल्स (२०११) सारख्या महाअवघड गेमनंही हे केलं होतं. त्याची अडचण वेगळी होती. मोठ्या शत्रूकडून मेलात की बऱ्याचदा लांबून पुन्हा चालत यावं लागायचं. त्याच कंपनीनं एल्डन रिंग (२०२२) बनवताना अनेक मोठ्या शत्रूंच्या जवळच पुन्हा जिवंत व्हायची जागा दिली. लढाई होती तेवढीच अवघड राहिली, फुकटची पायपीट गेली.

चूक नंबर २ : एका कामासाठी दहा वेळा मेनू उघडा

झेल्डा मालिकेतला 'ओकारिना ऑफ टाइम' (१९९८) हा जगातल्या सर्वोत्तम गेम्सच्या यादीत हमखास असतो. पण त्यातल्या 'वॉटर टेंपल'चं नाव काढलं की चाहते कपाळाला हात लावतात. पाण्याखाली जायला लोखंडी बूट घालायचे, वर यायला काढायचे. आणि दर वेळी गेम थांबवून मेनूत जाऊन हे करायचं.

कोडं चांगलं होतं. त्रास बुटांचा होता. २०११ मध्ये निन्टेंडो थ्रीडीएसवर हा गेम पुन्हा आला, तेव्हा बूट थेट एका बटणावर आले. शिवाय पाण्याची पातळी बदलायच्या जागेकडं जाणाऱ्या वाटा रंगानं दाखवल्या. मंदिर तेच, कोडं तेच, चिडचिड कमी.

चूक नंबर ३ : सोबतचं पात्र म्हणजे गळ्यात लोढणं

रेसिडेंट ईव्हिल ४ (२००५) मध्ये लिऑनला ॲशलीला वाचवायचं असतं. तिची लाइफ वेगळी. म्हणजे स्वतःकडं बघा, शत्रूकडं बघा, तिच्याकडं बघा, वर औषधंही तिच्यासोबत वाटून घ्या. २०२३ च्या रिमेकमध्ये तिचा वेगळा लाइफ बारच काढून टाकला. ती जखमी होऊन पडली तर जाऊन उठवायचं. तिला वाचवायची धडपड तशीच राहिली, हिशेब ठेवायचं काम गेलं.

पण थांबा, प्रत्येक त्रास म्हणजे चूक नाही

झेल्डाच्याच 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' (२०१७) मध्ये तलवारी थोड्या वापरानं तुटतात. यावरून आजही भांडणं होतात. एक गट म्हणतो, जपून ठेवलेली भारी तलवार तुटायच्या भीतीनं वापरवतच नाही, मग मिळवायची कशाला? दुसरा म्हणतो, त्यामुळंच तर नवनवीन हत्यारं वापरली जातात.

कंपनीनं पुढच्या 'टिअर्स ऑफ द किंगडम' (२०२३) मध्ये हत्यारं तुटणं बंद केलं नाही. त्याऐवजी कोणत्याही हत्याराला दगड, शिंग, जे सापडेल ते जोडायची सोय दिली. आता हत्यार तुटलं की नवीन काय बनवू, हा विचार सुरू होतो. म्हणजे प्रत्येक तक्रारीवर ती गोष्ट काढून टाकणं हेच उत्तर नसतं. कधी कधी त्या त्रासाच्या बदल्यात काहीतरी द्यावं लागतं.

बीजीएमआयचं काय?

आपल्याकडं बहुतेक पोरं मोबाईलवरच खेळतात, त्यामुळं हा मुद्दा जवळचा. पबजी मोबाईलवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली आणि जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय आला. या प्रकारच्या गेमचा मूळ नियमच एक अडचण घेऊन येतो. शंभर जण उतरणार, तुम्ही दुसऱ्या मिनिटाला मेलात तर पुढचा वेळ मित्रांचा खेळ बघत बसायचं.

२०१९ मध्ये आलेल्या एपेक्स लेजेंड्सनं यावर दोन चांगले उपाय आणले. मेलेल्या साथीदाराला परत आणता येतं, आणि माईक न वापरता एका बटणानं "इथं शत्रू आहे, इथं बंदूक आहे" असं सांगता येतं. ज्याच्या घरी रेंज नाही, किंवा शेजारच्या खोलीत वडील झोपलेत, त्याला या दुसऱ्या सोयीची किंमत विचारा. बीजीएमआयमध्येही आता काही मॅपवर साथीदाराला परत बोलावता येतं.

पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीचा 'इंडस बॅटल रॉयल' ऑक्टोबर २०२४ मध्ये आला. त्यात लपून बसणाऱ्यांवर इलाज म्हणून 'कॉस्मियम' आणलं. शेवटच्या टप्प्यात ते ताब्यात घेतलं तरी मॅच जिंकता येते. म्हणजे गवतात आडवं पडून राहणाऱ्यालाही उठावंच लागतं.

आपल्या पुण्याचा 'राजी'

२०२० मध्ये पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं 'राजी : ॲन एन्शंट एपिक' काढला. असुरांनी पळवून नेलेल्या भावाला, गोलूला शोधायला निघालेली राजी नावाची मुलगी, हातात त्रिशूळ, आणि गोष्ट सांगायला दुर्गा आणि विष्णू. राजस्थानी वाडे-किल्ल्यांसारखी दृश्यं, सावल्यांच्या बाहुल्यांसारखे प्रसंग. द गेम अवॉर्ड्स २०२० मध्ये पहिल्याच गेमसाठीच्या इंडी विभागात त्याला नामांकन मिळालं.

दिसायला अप्रतिम. पण खेळणाऱ्यांच्या तक्रारी होत्या. कॅमेरा आपल्याला फिरवता येत नाही, त्यामुळं उडी कुठं पडेल याचा अंदाज चुकतो. लढाईत राजीच्या हालचाली अडखळल्यासारख्या वाटतात. आणि सगळ्यात मोठी तक्रार म्हणजे चार-पाच तासांत गेम अचानक संपतो, गोष्ट अर्ध्यावर सोडून.

हे झालं कशामुळं? छोटी टीम आणि कमी पैसा ही बाजू विसरून चालणार नाही. या गेमसाठी किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागितली होती, ती मोहीम २०१७ मध्ये अपयशी ठरली. तरी टीमनं गेम पूर्ण केला. पुढं २०२२ मध्ये एन्हान्स्ड एडिशन आली. त्यात लढाईत सुधारणा झाल्या, आवाज नव्यानं रेकॉर्ड झाले आणि हिंदी संवाद आले. भारतीय पुराणांची गोष्ट अखेर भारतीय भाषेत ऐकू आली. तक्रारी ऐकल्या की काय होऊ शकतं, याचं हे घरचं उदाहरण.

मग मुळात या चुका दिसत कशा नाहीत?

पहिलं कारण, सवय. बनवणाऱ्यानं ते मिशन शेकडो वेळा खेळलेलं असतं. बोटांना सवय झालेली असते. आपण ते आयुष्यात पहिल्यांदा खेळतो.

दुसरं, तारीख. रिलीजचा दिवस ठरलेला असतो. गेमची सुरुवात घासूनपुसून होते, शेवटच्या भागाला वेळ उरत नाही.

तिसरं कारण आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. गेम तपासला जातो बनवणाऱ्याच्या खोलीत. कॅपकॉमच्या 'डेड रायझिंग' (२००६) मधली अक्षरं एचडी टीव्हीवर नीट दिसायची, पण साध्या टीव्हीवर वाचताच यायची नाहीत. त्या काळी कितीतरी घरांत साधाच टीव्ही होता. आज हेच तीन वर्षं जुन्या मोबाईलवर तापणाऱ्या गेमचं, आणि इंटरनेट गेलं की एकट्यानं खेळायचा भागही बंद पाडणाऱ्या गेमचं आहे. मोठ्या शहरातल्या ऑफिसात बसून जत किंवा माणमधली रेंज दिसत नाही.

आपण काय करू शकतो?

एक, चिडून गेम उडवायच्या आधी सेटिंग्ज बघा. बटणांच्या जागा, अक्षरांचा आकार, ग्राफिक्स, ऑटोसेव्ह, निम्मे प्रश्न तिथंच सुटतात.

दोन, रिव्ह्यू लिहिताना नुसतं "बकवास गेम" लिहू नका. कोणता मोबाईल, कोणती लेव्हल, नेमकं काय झालं, हे तीन ओळींत लिहा. असा रिव्ह्यू वाचून बनवणाऱ्याला काहीतरी करता येतं.

तीन, नवीन गेम्सच्या बीटा टेस्टमध्ये नाव नोंदवा. लाईट जाते, रेंज जाते, मोबाईल तापतो, अशा ठिकाणी गेम टिकतो का, हे सातारा-सांगलीत बसून खेळणाऱ्याइतकं नीट कोण सांगणार?

बाकी, तुमचा कोणता गेम एका मिशनपायी कायमचा अर्धा राहिला? आणि ते हेलिकॉप्टर तुमच्याकडून पार झालं होतं का? कमेंटमध्ये सांगा.