सुट्या भागांची स्पोर्ट्स कार : पाना हाती घेण्याआधी

त्र्यंबकेश्वर मागे टाकून मोखाड्याच्या दिशेने निघाले, की तोरंगण घाटात रस्ता एकामागून एक वळणे घेऊ लागतो. पुढे मोखाडा, जव्हार, विक्रमगड आणि मनोर असा हा मार्ग डोंगर उतरत पालघरच्या सखल भागात येतो. पावसाळा सरता सरता रविवारी या रस्त्यावर मुंबई, ठाणे आणि नाशिकच्या हौशी चालकांची वर्दळ असते. छत नसलेली, दोनच आसनांची, लांब नाकाची जुनी इंग्रजी मोटार या वळणांवरून चालवावी, असे त्यांतील एखाद्याला वाटले तर नवल नाही. मूळ गाड्या संग्राहकांच्या ताब्यात आणि त्यांच्या किमती सामान्यांच्या आवाक्याबाहेर. मग विचार येतो तो प्रतिकृतीचा : सांगाडा, फायबरची बॉडी, इंजिन आणि चाके सुटी आणायची व घरामागच्या शेडमध्ये स्वतः जोडायची. परदेशात अशा गाडीला ‘किट कार’ म्हणतात. जव्हारला वाडवडिलांचे घर आणि मागे पत्र्याची मोकळी शेड असेल, तर निम्मे काम झाल्यासारखेच वाटते.

मात्र या हौसेचा सर्वांत अवघड भाग वेल्डिंगमध्ये किंवा इंजिनमध्ये नाही; तो परिवहन कार्यालयाच्या खिडकीवर आहे. दोन-तीन वर्षे खपून, काही लाख रुपये घालून उभी केलेली मोटार नंबर प्लेटअभावी शेडमध्येच राहण्याचा धोका भारतात खरा आहे. म्हणून निर्णयाची सुरुवात शेवटाकडून करावी लागते.

करातून जन्मलेली हौस

या प्रकाराला लोकप्रियता मिळाली ती इंग्लंडमध्ये आणि तीही करामुळे. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने १९५७ मध्ये ‘लोटस सेव्हन’ ही अत्यंत हलकी गाडी आणली. त्या काळी ब्रिटनमध्ये तयार मोटारीवर खरेदी कर होता, सुट्या भागांवर नव्हता. त्यामुळे लोटसने ही गाडी सुट्या भागांच्या संचाच्या रूपातही विकली. संचासोबत जोडणीच्या सूचना दिल्या तर करसवलत जात असे. तेव्हा कंपनीने गाडी ‘सुटी कशी करावी’ याच्या सूचना दिल्या आणि ग्राहकांनी त्या उलट्या क्रमाने वाचाव्यात अशी सोय केली, ही कथा मोटारप्रेमींत आजही आवडीने सांगितली जाते. १९७३ मध्ये मूल्यवर्धित कर आला, ही सवलत संपली आणि त्याच वर्षी सेव्हनचे हक्क कॅटरहॅम या कंपनीकडे गेले. त्यानंतरही कॅटरहॅमने गाडी संचाच्या रूपात विकणे सोडले नाही. कारखान्यातून सर्व भाग तयार मिळाल्यास ऐंशी ते शंभर तासांत जोडणी होते, असे कंपनी सांगत आली आहे.

याहून अधिक नक्कल झाली ती कोब्राची. अमेरिकेच्या कॅरोल शेल्बी यांनी १९६२ मध्ये ‘एसी’ या इंग्रजी कंपनीच्या हलक्या गाडीत फोर्डचे आठ सिलिंडरचे इंजिन बसविले. मूळ कोब्रा हजारभरच निघाल्या. प्रतिकृती त्याच्या कितीतरी पट आहेत. १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन यांचे अवघ्या २५० पौंडांत स्पोर्ट्स कार कशी बांधावी हे सांगणारे पुस्तक आले आणि संचही न घेता चौकोनी लोखंडी नळ्या कापून सांगाडा करणाऱ्यांची फळीच उभी राहिली. तेवढ्या रकमेत गाडी किती जणांची झाली असेल, हा प्रश्न निराळा.

अलिबागचा चिंकारा

महाराष्ट्रात या वाटेवरचे सर्वांत ठळक नाव अलिबागजवळच्या कार्लेखिंडीतील चिंकारा मोटर्सचे. गिडो बोथे आणि शमा बोथे यांच्या या छोट्या कंपनीने या शतकाच्या पहिल्या दशकात लोटस सेव्हनच्या धर्तीवर ‘चिंकारा रोडस्टर १.८ एस’ ही गाडी बांधली. बॉडी फायबरची आणि इंजिन १.८ लिटरचे इसुझू बनावटीचे. हिंदुस्थान मोटर्सची कॉन्टेसा याच इंजिनामुळे अनेकांच्या स्मरणात आहे.

हे इंजिन निवडण्यामागचे कारण आजच्या हौशी माणसालाही समजून घ्यावे लागते. सेव्हन किंवा कोब्राच्या रचनेत इंजिन पुढे, उभ्या दिशेने बसविलेले असते आणि ताकद मागच्या चाकांना जाते. मारुती ८००पासून बहुतेक भारतीय छोट्या मोटारी पुढच्या चाकांवर चालणाऱ्या. त्यांचे इंजिन आणि गिअरबॉक्स आडवे. ते या सांगाड्यात सरळ बसत नाहीत. मागची चाके फिरविणाऱ्या भारतीय मोटारी मोजक्याच : पद्मिनी, अॅम्बेसेडर, कॉन्टेसा, प्रीमियर ११८ एनई, शिवाय जिप्सी, ओम्नी, ईको यांसारख्या गाड्या. पद्मिनीचे उत्पादन विसाव्या शतकाबरोबर संपले, अॅम्बेसेडरचे २०१४ मध्ये. त्यांचे डिफरन्शिअल, एक्सल आणि स्टिअरिंगचे भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात शोधावे लागतात. तेथे जाताना सोबत जाणता फिटर असलेला बरा.

हा झाला यंत्राचा भाग. कागदाचा भाग याहून कठोर आहे.

फॉर्म २२ वर सही कोणाची?

नव्या मोटारीच्या नोंदणीसाठी फॉर्म २० मधील अर्जासोबत विक्रीचे प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म २१ आणि गाडी प्रदूषण व सुरक्षिततेचे निकष पाळते असे उत्पादकाचे प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म २२ लागते. शेडमध्ये बांधलेल्या गाडीचा उत्पादक कोण? केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२६ नुसार उत्पादकाने गाडीचा नमुना मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यायचा असतो. पुण्याची एआरएआय, भोसरीची सीआयआरटी आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई या त्यांतील महाराष्ट्रातल्या संस्था. ही चाचणी हजारो गाड्या विकणाऱ्या कारखान्यासाठी आखलेली आहे. तिचा खर्च एकाच गाडीवर टाकणे हौशी माणसाला परवडणारे नाही. त्यातच १ एप्रिल २०२० पासून नव्या गाडीला बीएस-६ निकष लागू झाले. कॉन्टेसाचे किंवा पद्मिनीचे कार्बोरेटरचे इंजिन ‘नव्या’ गाडीत घालून हे निकष पार करणे जवळजवळ अशक्य आहे.

ब्रिटनमध्ये घरी बांधलेल्या एकट्या गाडीची तपासणी करून तिला रस्त्यावर आणण्याची स्वतंत्र व्यवस्था आहे. भागांचा मूळ ठावठिकाणा सिद्ध होत नसेल तर त्या गाडीला ‘क्यू’ अक्षराची नंबर प्लेट मिळते. अमेरिकेने २०१५ च्या कायद्याने मर्यादित संख्येत प्रतिकृती बनविणाऱ्या छोट्या उत्पादकांना वेगळी वाट दिली. भारतात हौशी व्यक्तीसाठी अशी सोपी वाट नाही.

मग गॅरेजमध्ये एक सल्ला हमखास मिळतो : जुनी कॉन्टेसा घ्या, तिचे आरसी बुक ठेवा आणि बॉडी बदला. हा सल्ला महागात पडू शकतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये २००० साली झालेल्या दुरुस्तीनुसार, उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असा फेरफार मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात हीच भूमिका स्पष्ट केली आणि उच्च न्यायालयाचा सैल अर्थ रद्द ठरविला. त्याच वर्षीच्या कायदादुरुस्तीने अशा प्रत्येक फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड अथवा दोन्हींची तरतूद झाली. दंडाहून मोठी चिंता विम्याची. आरसी बुकात बंद सेदान आणि रस्त्यावर उघडी दोन आसनी, अशा गाडीला अपघात झाला तर विमा कंपनी वाद घालणार, हे उघड आहे. जव्हार-मोखाड्याच्या रस्त्यावर बाजाराला निघालेली माणसे, शाळेची मुले आणि गुरे कडेने चालत असतात. भरपाईचा प्रश्न तेथे केवळ कागदावरचा राहत नाही. ‘पेपर क्लिअर’ म्हणून विकायला येणाऱ्या तयार प्रतिकृतींच्या बाबतीतही आरसीवरचे मॉडेल, चॅसी क्रमांक आणि समोरची गाडी यांचा मेळ आधी पाहावा.

प्रतिकृतीला ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविण्याची वाटही बंद आहे. जुलै २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते. पण चॅसी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठे बदल झालेले नसावेत अशी अट आहे.

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे या यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावी एका कारागिराने भंगारातून किक मारून सुरू होणारी छोटी चारचाकी बांधली होती. डिसेंबर २०२१ मध्ये तिची चित्रफीत देशभर पाहिली गेली. आनंद महिंद्र यांनी कौतुक करतानाच, नियमांत बसत नसल्याने आज ना उद्या ही गाडी अडविली जाईल, हेही सांगितले आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती त्या कुटुंबाला मिळाली. एवढे नशीब प्रत्येक हौशी माणसाला लाभत नाही.

शेड, पाऊस आणि फायबर

हे सारे जाणूनही गाडी बांधायचीच असेल, तर ती केवळ बांधण्याच्या आनंदासाठी आहे, असे आधीच ठरविलेले बरे. नोंदणीची सक्ती गाडी चालविण्यासाठी आहे. शेडमध्ये गाडी बांधण्यास कायद्याची आडकाठी नाही. दुसऱ्या ठिकाणी न्यायची तर ती ट्रकवर चढवूनच न्यावी लागेल.

अशा वेळी जव्हारची हवा हिशेबात घ्यावी लागते. येथे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. उघड्या लोखंडी नळ्यांवर पहिल्याच पावसाळ्यात गंज चढतो, म्हणून सांगाडा दिवाळीनंतर सुरू करून पावसाआधी प्रायमर मारून संपविणे शहाणपणाचे. फायबरच्या कामात रेझिन दमट हवेत नीट बसत नाही, पृष्ठभाग चिकट राहतो. हे काम डिसेंबर ते मे याच महिन्यांत करावे. त्याच्या वाफा डोक्यात जातात, तेव्हा शेड दोन्ही बाजूंनी उघडी हवी. बोटी बांधणाऱ्या किनारपट्टीच्या गावांत फायबरचे जाणकार कारागीर मिळतात. मुकणे घराण्याचा राजवाडा मिरविणाऱ्या जव्हारात मात्र लेथवर एखादा शाफ्ट करून घ्यायचा, तर बहुधा ऐंशी किलोमीटरवरचे नाशिकच गाठावे लागेल.

रस्त्यावर चालविण्याचीच ओढ असणाऱ्यांसाठी एक कमी दिमाखदार पर्याय उरतो : आरसी जिवंत असलेली जुनी पद्मिनी घेऊन तिच्या मूळ रूपातच दुरुस्त करणे. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करून घ्यावे लागते, पण गाडी रस्त्यावर राहते. आणि १९७४ मध्ये ‘पद्मिनी’ हे नाव मिळालेल्या पहिल्या गाड्यांनी आता पन्नाशी ओलांडली आहे. घेताना चटया उचलून तळाचा पत्रा पाहावा, जॅकची जागा दाबून पाहावी. तेथे पत्रा कुजलेला असेल तर इंजिन कितीही गोड चालत असो, सौदा सोडून द्यावा. ती घाटात धापा टाकेल, पण तोरंगणच्या वळणावर कोणी हात दाखवून थांबविले, तर आरसी बुक पुढे करता येईल.