उद्यान छायाचित्र स्पर्धा : प्रवेशिका आणि हक्क

उद्याने, वनस्पती व फुले यांच्या छायाचित्रांसाठी ‘इंटरनॅशनल गार्डन फोटोग्राफर ऑफ द इयर’ ही स्पर्धा २००७ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झाली. लंडनच्या क्यू उद्यानात तिची प्रदर्शने भरली आहेत. सुट्या छायाचित्रांखेरीज सहा छायाचित्रांची मालिकाही तेथे स्वीकारली जाते. प्रवेशिका ऑनलाइन पाठवायची असल्याने इंदूरच्या खजराना भागातील गच्चीवरची बाग असो वा गोव्यातील कुळागर, अंतराचा अडसर उरत नाही.

अशा स्पर्धांत कळीचा मुद्दा छायाचित्रावरील हक्काचा असतो. कॉपीराइट अधिनियम, १९५७ नुसार छायाचित्र टिपणारी व्यक्ती त्याची कर्ती ठरते; २०१२ च्या दुरुस्तीनंतर हा हक्क सामान्यतः तिच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे टिकतो. हक्काचे हस्तांतरण लेखी व स्वाक्षरीनिशी व्हावे लागते. त्यात मुदत नमूद नसल्यास ती पाच वर्षे मानली जाते. म्हणून आयोजकांना केवळ वापराची परवानगी दिली जात आहे की मालकीच सोपविली जात आहे, हे नियमावलीत आधी तपासावे. खासगी बागेसाठी मालकाची संमती घ्यावी आणि छायाचित्राची मूळ फाइल जपून ठेवावी. कर्तृत्वाविषयी वाद उद्भवल्यास तीच उपयोगी पडते.