बाबासाहेबांची राजकारणाची शाळा आणि आपले अभ्यासवर्ग

धम्मदीक्षेच्या साडेतीन महिने आधी, १ जुलै १९५६ ला, बाबासाहेबांनी मुंबईत एक शाळा काढली – 'ट्रेनिंग स्कूल फॉर एन्ट्रन्स टू पॉलिटिक्स'. विद्यार्थी पंधरा, संचालक स्वतः बाबासाहेब. महापरिनिर्वाणानंतर, मार्च १९५७ मध्ये ती बंद पडली. जयंतीच्या भाषणांत मी तिचा उल्लेख क्वचितच ऐकला.

शाळा का काढावी लागली? संविधानाचा शिल्पकार १९५२ ला मुंबईत आणि १९५४ ला आपल्या विदर्भातल्या भंडाऱ्यात लोकसभेची निवडणूक हरला. एका माणसाला एक मत मिळाले, पण मतामागे जात, जमीन आणि पैसा उभा होता. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत त्यांनी हीच विसंगती सांगितली होती: राजकारणात समता, समाजात विषमता. माझ्या मते शाळा हे त्या भाषणाचेच पुढचे पाऊल.

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या अभ्यासवर्गात पोरांना कलम १४, कलम १७ तोंडपाठ. विचारले, "ग्रामसभेचे इतिवृत्त कोणी वाचले?" एकही हात वर नाही. ग्रामसभेला पंधरा टक्के किंवा शंभर मतदार, यांपैकी कमी असेल तेवढी गणपूर्ती लागते. नाही झाली तर सभा तहकूब. आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही! मग पाच-दहा जणांत घरकुलाची यादी मंजूर होते आणि आपली वस्ती तेव्हा मजुरीला गेलेली असते. राज्यशास्त्राच्या पुस्तकातली 'सत्ता' ती हीच.

पुढच्या रविवारी व्याख्यान नाही. प्रत्येकाने आपल्या गावच्या मागच्या सभेच्या ठरावांची नक्कल घेऊन यायचे आहे.